बातमीचं पहिलं वाक्य कुणाच्या नावानं सुरू होतं?

आपल्या गावच्या ग्रुपवर आलेल्या शेवटच्या दहा बातम्या काढा आणि प्रत्येकीचं फक्त पहिलं वाक्य वाचा. ‘सालाबादप्रमाणे यंदाही’, ‘मोठ्या उत्साहात’, ‘मान्यवरांच्या प्रमुख उपस्थितीत’, ‘तीव्र शब्दांत निषेध’, ‘निवेदन सादर करण्यात आले’. या पाच तुकड्यांत दहापैकी आठ बातम्या बसतील. गाव बदलतं, तारीख बदलते, वाक्य तेच राहतं.

हे मी टिंगल म्हणून लिहीत नाही. सीमाभागात या बातम्या लिहिणारी पोरं दिवसभर नोकरी, दुकान नाहीतर शेती सांभाळून रात्री अकरा वाजता मोबाईलवर टाईप करत बसतात. पगार नाही, ओळखपत्र नाही, उलट केस अंगावर येण्याची भीती. एवढ्या कष्टानं लिहिलेली बातमी पहिल्या ओळीतच वाचणाऱ्याच्या हातून सुटते, याचं वाईट वाटतं म्हणून हे लिहितोय.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या बाबतीत काय घडलं, हे आपण पहिल्या वाक्यात सांगत नाही. तिथं कोण आलं होतं, हे सांगतो.

एक उदाहरण घेऊ. (या लेखातल्या बातम्यांचे नमुने मी रचलेले आहेत. ओळखीचे वाटले, तर त्याला माझा इलाज नाही.)

‘मराठी शाळांवर होत असलेल्या अन्यायाविरोधात समितीच्या वतीने अमुक यांच्या नेतृत्वाखाली व तमुक यांच्या प्रमुख उपस्थितीत काल गटशिक्षणाधिकाऱ्यांना निवेदन सादर करण्यात आले.’

हे वाचून काय कळलं? निवेदन दिलं, एवढंच. अन्याय कोणता? शाळा कुठली? मुलं किती? आता हीच बातमी शेवटपर्यंत वाचा. पाचव्या परिच्छेदात, आठ नावांच्या खाली, अर्ध्या ओळीत सापडतं: ‘सध्या या शाळेत एकच शिक्षक कार्यरत आहे.’ अरे, बातमी ती आहे! ती वर आणा:

‘पहिली ते पाचवीच्या ३८ मुलांना शिकवायला गावच्या मराठी शाळेत जूनपासून एकच शिक्षक आहे.’

आणि दुसरं वाक्य: ‘दुसरा शिक्षक तातडीने द्यावा, अशी मागणी पालकांनी आणि एसडीएमसी सदस्यांनी सोमवारी गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे केली.’

दोन वाक्यांत एकही विशेषण नाही, ‘अन्याय’ हा शब्दसुद्धा नाही. तरी वाचणाऱ्याला अन्याय दिसतो. पाच इयत्ता आणि एक मास्तर, हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहतं.

वाचणारा कोण आहे?

आपण बातमी लिहितो तेव्हा समोर आपलीच माणसं असतात असं धरून चालतो. आपल्या माणसांना सगळं माहीत असतं, म्हणून त्यांना पहिलं वाक्य कसंही चालतं. पण बातमीचे आणखी तीन वाचक असतात, आणि आपलं बरंच काही त्यांच्यावर अवलंबून असतं.

पहिला म्हणजे कोल्हापूर, पुणे, मुंबईतल्या वर्तमानपत्राचा उपसंपादक. त्याच्यापुढं रोज शेकडो बातम्या येतात. प्रत्येकीची पहिली ओळ वाचून तो ठरवतो: घ्यायची की सोडायची. ‘निवेदन सादर’ असलेल्या पन्नास बातम्या त्यानं सकाळपासून बघितलेल्या असतात.

दुसरा वाचक अधिकारी. राज्यघटनेच्या ३५०अ कलमात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयीची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. ३५०ब कलमानुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी वेगळा अधिकारी नेमला जातो, आणि त्याचा अहवाल राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढं जातो. ही दोन्ही कलमं १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं आली, म्हणजे ज्या वर्षी आपला प्रश्न जन्माला आला त्याच वर्षी. ज्या भागात एखाद्या भाषिक अल्पसंख्याकांची लोकसंख्या किमान १५ टक्के आहे, तिथं महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत मिळाव्यात, असं या संरक्षणांत मान्य केलेलं आहे. अशा कार्यालयाकडं तक्रार करताना आपण कात्रण जोडतो. त्या कात्रणाच्या पहिल्या ओळीत गाव, शाळा, आकडा आणि तारीख नसेल, तर अधिकाऱ्यानं त्याचं करायचं काय?

तिसरा वाचक अजून आलेला नाही. दहा-वीस वर्षांनी कुणी वकील, कुणी अभ्यासक, नाहीतर आपलीच पोरं २००४ साली महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याच्या काळात इथं नेमकं काय चाललं होतं, ते शोधतील. वर्तमानपत्राचं कात्रण न्यायालयात एकटं पुरावा म्हणून उभं राहत नाही, हे खरं. पण त्यात तारीख, ठिकाण, कार्यालयाचं नाव, नोटिशीचा क्रमांक असेल, तर मूळ कागद कुठं शोधायचा ते कळतं. ‘तीव्र निषेध’ या दोन शब्दांवरून कुठलाच कागद सापडत नाही.

आपला हात अग्रलेखाकडं का वळतो?

मराठी पत्रकारितेचा जन्मच मत मांडण्यातून झाला. ६ जानेवारी १८३२ ला बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, ते मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत, शेजारी शेजारी. म्हणजे पहिल्या दिवसापासून आपलं वर्तमानपत्र आपल्या माणसांशीही बोलत होतं आणि राज्य करणाऱ्यांशीही. पुढं १८८१ मध्ये ‘केसरी’ आला आणि अग्रलेख हेच मराठी वर्तमानपत्राचं हत्यार झालं. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव १९४६ च्या ज्या साहित्य संमेलनात झाला, ते आपल्या बेळगावात भरलं होतं आणि त्याचे अध्यक्ष ग. त्र्यं. माडखोलकर हे पत्रकार होते, नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक.

या परंपरेचा अभिमान आहेच. पण तिचा एक परिणाम असा झाला, की आपण बातमी लिहायला बसलो तरी हात अग्रलेखाकडं वळतो. अग्रलेख लिहिणारा वाचकाला घटना माहीत आहे असं धरून तिच्यावर बोलतो. बातमी लिहिणाऱ्यानं वाचकाला काहीच माहीत नाही असं धरून सुरुवात करायची असते.

महत्त्वाचं आधी आणि तपशील नंतर, ही बातमीची बांधणी १९ व्या शतकात रुळली. तारेनं बातम्या जाऊ लागल्या, शब्दाला पैसे पडू लागले, आणि वृत्तसंस्थांना थोडक्यात, मुद्द्याचं आधी पाठवायची सवय लागली. छापखान्यात जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापायचा, म्हणून जे वाचलंच पाहिजे ते वर ठेवायचं. आज कापायचं काम मोबाईल करतो. पडद्यावर दोन ओळी दिसतात, पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. त्या दोन ओळींत आपण मान्यवरांची यादी भरली, तर बोट का लागेल?

‘करण्यात आले’ची सवय

आपल्या बातम्यांतला मला सगळ्यात जास्त खुपणारा शब्दप्रयोग म्हणजे ‘करण्यात आले’. लाठीमार करण्यात आला. फलक हटविण्यात आला. परवानगी नाकारण्यात आली. कुणी केला? कुणी हटवला? कुणी नाकारली? सरकारी प्रेसनोटला असं वाक्य सोयीचं असतं, कारण त्यात कर्ता लपतो. आपण मात्र तेच वाक्य उचलून ज्यांच्याविरुद्ध तक्रार आहे त्यांनाच लपवतो. याला काय म्हणायचं?

येळ्ळूरचं बघा. २०१४ च्या जुलैमध्ये ‘महाराष्ट्र राज्य येळ्ळूर’ हा फलक न्यायालयाच्या आदेशानंतर प्रशासनानं काढला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला. मग पोलीस आले, आणि घरात शिरून मारहाण झाल्याच्या तक्रारी गावातून आल्या. आदेश देणारा, फलक काढणारा, तो पुन्हा उभारणारा आणि मारणारा हे चार वेगळे कर्ते आहेत. ‘फलक हटविण्यात आला व लाठीमार करण्यात आला’ असं लिहिलं, की चौघंही एका पोत्यात जातात. ज्याला विषय माहीत नाही तो म्हणतो, न्यायालयाचा आदेश होता ना, मग तक्रार कसली? तक्रार त्यानंतर जे झालं त्याची आहे, हे पहिल्या वाक्यानं सांगायला हवं.

म्हणून नियम असा ठेवा: ‘ण्यात आले’ दिसलं की थांबायचं आणि ‘कुणी?’ विचारायचं. उत्तर मिळालं तर ते लिहायचं: ‘तहसीलदारांच्या आदेशावरून पोलिसांनी पहाटे पाच वाजता वेशीजवळचा मराठी फलक काढला.’ उत्तर मिळालं नाही, तर तेच लिहायचं: ‘हा आदेश कुणाचा, हे सांगायला तहसील कार्यालयानं नकार दिला.’ कित्येकदा ही दुसरी ओळ पहिलीपेक्षा मोठी बातमी असते.

मराठी वाक्याचा स्वभाव

इंग्रजीतले बातमीलेखनाचे नियम मराठीला जसेच्या तसे लागू होत नाहीत. इंग्रजीत कर्त्यामागोमाग क्रियापद येतं, काय झालं ते लगेच कळतं. मराठीत क्रियापद शेवटी बसतं. चाळीस शब्दांचं वाक्य लिहिलं, तर काय झालं ते चाळिसाव्या शब्दाला कळणार. तोवर वाचणारा दुसऱ्या व्हिडिओवर गेलेला असतो. म्हणून मराठीत पहिलं वाक्य पंधरा-वीस शब्दांतच संपवलं पाहिजे. जास्त सांगायचं असेल तर दुसरं वाक्य आहेच की.

दुसरी गोष्ट. मराठीत क्रियापदाच्या अगदी आधी जे बसतं, त्यावर वजन पडतं. हे बघा:

‘मराठीत लिहिलेला अर्ज तहसील कार्यालयानं परत केला.’

‘तहसील कार्यालयानं शेतकऱ्याचा अर्ज मराठीत आहे म्हणून परत केला.’

पहिल्या वाक्यात कानात राहतं ते कार्यालय. दुसऱ्यात राहतं कारण. बातमी कारणाची असेल, तर कारण क्रियापदाच्या शेजारी बसवा.

तिसरी गोष्ट आरोपाची. ‘... असा आरोप पालकांनी केला’ हे आपण वाक्याच्या शेवटी टाकतो. लांब वाक्यात तोवर वाचणारा आरोपालाच वस्तुस्थिती समजून बसलेला असतो. गंभीर आरोप असेल तर सांगणाऱ्याला आधी आणा: ‘पालकांच्या म्हणण्यानुसार...’ यात आपली बाजू कमी होत नाही. उद्या कुणी विचारलं, तर हे कुणी सांगितलं ते आपल्याकडं असतं.

आणि कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे सहाही ‘क’ पहिल्या वाक्यात कोंबू नका. त्यातले दोन-तीन निवडा. आपल्या बहुतेक बातम्यांत ‘काय झालं’ आणि ‘कुणाला झालं’ हे दोन पुरतात.

विशेषणं आणि माणसं

‘मुजोर कानडी प्रशासन’, ‘दडपशाहीचा वरवंटा’, ‘अत्याचाराची परिसीमा’. राग खरा आहे, तो तीन पिढ्यांचा आहे. पण पहिल्याच ओळीत विशेषण आलं, की बाहेरचा वाचक आपल्याला एका बाजूला ढकलून मोकळा होतो: ‘हे त्या वादातले लोक.’ मग पुढचा आकडा खरा असला तरी तो वाचत नाही.

पाट्यांचंच घ्या. २०२४ च्या दुरुस्तीनुसार कर्नाटकात दुकानांच्या पाटीवर ६० टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो, तोही वरचा. या कायद्याला आपला विरोध आहे, तो लेखात मांडू. पण उरलेल्या ४० टक्के जागेत दुसरी भाषा लिहू नका, असं हा कायदा म्हणत नाही. आता समजा एखाद्या बाजारपेठेत कुणी येऊन मराठी अक्षरं सगळीच पुसायला लावली. ‘कन्नडसक्तीचा वरवंटा पुन्हा फिरला’ असं लिहिलं तर समोरचा म्हणेल, कायदाच आहे. ‘वरचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असतानाही खालची मराठी अक्षरं अधिकाऱ्यांनी दुकानदारांना पुसायला लावली’ असं लिहिलं, तर उत्तर अधिकाऱ्याला द्यावं लागतं.

अजून एक. कार्यालय आणि कन्नड बोलणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या वाक्यात ‘कन्नडिगांनी’ असं लिहिण्याआधी विचारा: कुणी? पोलिसांनी, नगरपालिकेनं, की एखाद्या संघटनेच्या दहा कार्यकर्त्यांनी? जे असेल ते लिहा. शेजारच्या गल्लीतल्या कन्नड भाषिक रिक्षावाल्यानं तुमची पाटी काढलेली नाही. कदाचित त्याच्या पोरीच्या शाळेतही मास्तर नसेल. आणि तेही तपासाच. ‘मराठी शाळेला शिक्षक नाही’ असं लिहिण्याआधी त्याच गावच्या कन्नड शाळेत शिक्षक किती, ते विचारून या. तिथं पाच असतील, तर तुमच्या पहिल्या वाक्याला धार येईल. तिथंही एकच असेल, तर बातमी वेगळी आहे आणि ती तशीच लिहायला हवी. नाहीतर दुसऱ्या दिवशी अधिकारी तोच आकडा आपल्या तोंडावर फेकेल आणि खरी तक्रारसुद्धा खोटी ठरेल.

यात कायद्याचाही धोका आहे. दोन समाजांत तेढ निर्माण केल्याचं कलम, जुनं १५३अ, आता भारतीय न्याय संहितेत १९६ झालं आहे. एका बेफाम विशेषणापायी एखाद्या पोराला वर्षानुवर्षं तारखा घालाव्या लागाव्यात, एवढं त्या विशेषणाचं मोल नाही.

दरवर्षीचे तीन दिवस

१७ जानेवारी, १ जून, १ नोव्हेंबर. हुतात्मा दिन, कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांना अभिवादन, काळा दिन. या तीन दिवसांच्या बातम्या आपण सगळ्यात मनापासून लिहितो आणि सगळ्यात वाईट सुरू करतो. ‘सालाबादप्रमाणे’ म्हणजे वाचणाऱ्याला आपणच सांगितलं, की नवीन काही नाही.

दरवर्षी काहीतरी नवीन असतंच. फेरीला परवानगी मिळाली की नाही? नाकारली तर कुठल्या कलमाखाली? (१ जुलै २०२४ पासून जमावबंदीचं जुनं १४४ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १६३ आहे. चुकीचं कलम लिहिलं की बाकीच्या बातमीवरचाही विश्वास जातो.) पहिल्यांदा कोण आलं? कुठल्या गावातून या वर्षी कुणीच आलं नाही? शेवटचा प्रश्न आपल्याला नको असतो, पण चळवळीला त्याचीच गरज आहे.

आणि पार्श्वभूमी सांगायला अर्धी ओळ ठेवा. ‘८६५ गावे’ हा आकडा आपल्याला पाठ आहे. नागपूरच्या किंवा वडोदऱ्याच्या मराठी पोराला त्याचा अर्थ लागत नाही. ‘महाराष्ट्रानं हक्क सांगितलेली ८६५ गावं’ एवढं जोडलं की काम होतं. तसंच ‘१९५६ साली कर्नाटकात गेलेली’ असं लिहू नका. तेव्हा राज्याचं नाव म्हैसूर होतं, कर्नाटक ते १९७३ साली झालं.

‘पण नावं तर हवीत!’

हा आक्षेप येणार, आणि तो खोटा नाही. जो माणूस दुकान बंद करून दिवसभर उन्हात फिरला, त्याचं नाव यायलाच हवं. फक्त ते पहिल्या वाक्यात कशाला? तिसऱ्या परिच्छेदात, नाहीतर शेवटी सगळ्यांची नावं नीट, पूर्ण द्या. नाव खाली आलं म्हणून कुणाचा त्याग कमी होत नाही. ज्येष्ठांना हे समजावून सांगा: ‘काका, तुमचं नाव वर घेतलं तर बातमी गावातच राहते. मुलांचा आकडा वर घेतला तर ती पुण्याला जाते, आणि तुमचं नावही तिच्याबरोबर जातं.’ बहुतेक जण ऐकतात. जे ऐकत नाहीत त्यांना आपला प्रश्न मोठा की फोटो मोठा, हे कधीतरी विचारावंच लागेल.

आपल्या जुन्या घोषणेकडून सुद्धा शिकता येतं. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बीदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!’ तिच्यात एकाही पुढाऱ्याचं नाव नाही. पाच गावांची नावं आहेत, आणि क्रियापदाला कसली शंका नाही. म्हणून ती इतकी वर्षं टिकली. काय हवं ते घोषणा सांगते, काय झालं ते बातमीनं सांगायचं. नेमकेपणा दोन्हीकडं तोच.

पहिलं वाक्य सुचत नसेल तर एक सोपा उपाय आहे. पुण्याच्या मावसभावाला फोन लावलाय असं समजा. तो विचारतो, ‘काय झालं रे?’ तुम्ही पटकन काय सांगाल? ‘अरे, आमच्या शाळंत मास्तरच न्हाई बघ जूनपासनं!’ झालं. आता तेच वाक्य थोडं नीट करा, आकडा घाला आणि लिहा. फोनवर कुणी ‘सालाबादप्रमाणे यंदाही’ म्हणत नाही.

या आठवड्यात आपल्या गावची एकच बातमी अशी लिहा. शाळा, उतारा, बस, पाटी, काहीही चालेल. पहिल्या वाक्यात घडलेली गोष्ट, ती ज्याच्याबाबत घडली तो माणूस आणि ती ज्यानं केली तो कर्ता, एवढंच ठेवा. मग ती गावाबाहेरच्या एका मित्राला पाठवा आणि त्याला कळलं का, ते विचारा. नाही कळलं, तर पुन्हा लिहा.

जय महाराष्ट्र!